आमच्या अळीची भाजी

आमची आळी जिथे संपते, तिथे बस डेपोच्या भिंतीला लागून जमिनीचा एक तुकडा आहे. त्यात कंडक्टर भाजी पिकवतात. एकतीस वर्षं त्यांनी बसमध्ये तिकिटं फाडली. निवृत्त झाले आणि वर्षभरात बायको गेली. त्यानंतर डेपोच्या ऑफिसात खेटे घालून ही पडीक जागा त्यांनी मागून घेतली. घर खायला उठतं असं ते कधी बोलले नाहीत. पण ज्याला घरात करमतं तो माणूस पहाटे पाचला कोबीची विचारपूस करायला जात नाही.

बस सुटली तरी बसचं बोलणं सुटलं नाही. रोपं लावताना पुटपुटतात, "पुढे सरका, मागे जागा आहे." यंदा कोबी होता त्या वाफ्यात पुढच्या खेपेला शेंगा लावतात. का म्हणून विचारलं तर सांगतात, "कोबीनं जमिनीतलं भरपूर खाल्लं. आता शेंगा तिला परत देतील. एकाच पॅसेंजरला कायम खिडकी द्यायची नसते." रोज सकाळी बादली घेऊन आळीभर फिरतात, दारात जुनी पितळी घंटी दोनदा वाजवतात आणि सालं, देठं, चहाचा चोथा, अंड्यांची टरफलं गोळा करून नेतात. खड्ड्यात त्याचे पालापाचोळ्याबरोबर थर घालतात आणि काही महिन्यांनी काळीभोर, भुसभुशीत माती काढतात. औषध फवारत नाहीत. म्हणून त्यांच्या पालकाला भोकं असतात.

मीही रोज त्यांच्या बादलीत सालं टाकायची आणि वर "कंडक्टर, तुमचं काम फार चांगलं हो," असंही म्हणायची. ती सालं मात्र मोठ्या दुकानातल्या भाजीची असायची. माझं सगळं लहानपण चिखलात गेलं. शहरात लग्न होऊन आले तेव्हा ठरवलं, आता माती लागलेली भाजी घरात आणायची नाही. दुकानातला टोमॅटो कसा, प्लॅस्टिकच्या डब्यात, पॉलिश केल्यासारखा. कुठून कुठून प्रवास करून आलेला. एकदा एक टोमॅटो फ्रीजमध्ये मागे राहिला. तीन आठवड्यांनी सापडला तर अंगावर एक सुरकुती नाही. मला त्याचा संशय यायला हवा होता. मला त्याचा हेवा वाटला.

या वर्षी डेपोच्या ऑफिसचं पत्र आलं. त्या जागेवर गाड्या लावायची सोय करायची आहे. आळीतली वीस घरं दर आठवड्याला तिथली भाजी घेत असतील, तसं महिनाअखेर लेखी दाखवलं, तरच जागा कंडक्टरांकडे राहील. कंडक्टरांनी फाटकाला एक वही टांगली. बारा नावं झाली आणि गाडी अडली.

"पाटी लावा," मी म्हटलं. "लोकांना कळायला नको? द्या ब्रश इकडे. माझं अक्षर मोत्यासारखं आहे."

हे खोटं नव्हतं. अक्षर मोत्यासारखंच आहे. कुठला मोती कुठे ओवायचा एवढंच मला कधी कळलं नाही. माझी शाळा तिसरीपर्यंत, त्यात दुसरी दोनदा. हिरव्या फळीवर पांढऱ्या रंगानं मी ठसठशीत लिहिलं. लिहायचं होतं ‘आपल्या आळीची भाजी’. कंडक्टरांचा चष्मा दुरुस्तीला गेलेला. त्यांनी पाटी तशीच फाटकावर ठोकली.

संध्याकाळी नात कॉलेजातून आली ती पोट धरून हसतच.

"आजी, पाटी तू लिहिलीस?"

"मग काय. कशी झालीय?"

"एक काना खाल्लास. ‘आपल्या अळीची भाजी’ असं झालंय."

सूनबाई ओट्यापाशी होत्या. त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या, "म्हणजे अळीनं आधी जेवायचं आणि उरलेलं आपण."

दुसऱ्या दिवशी फाटकाशी गेले. कंडक्टर वही हातात घेऊन उकिडवे बसले होते. "पाच जणांनी नावं खोडली," एवढंच म्हणाले. माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. पाटी उतरवा म्हटलं, तर म्हणाले, "राहू द्या. अळी आहेच की आत. तिकीट नसलेला प्रवासी लपवायची मला सवय नाही."

मग मी पालकाची एक जुडी घेतली आणि दारोदार निघाले. गुडघे बोंबलत होते, त्यांना म्हटलं, हातानं केलं ते तुम्ही फेडा. पहिल्यांदा नुसतीच माफी मागितली. कोणी चहा दिला, नाव कोणी दिलं नाही. तेव्हा भोकाचं पान पुढे धरून लहानपणचं सांगू लागले. आमच्या शेतात फवारणी सुरू झाली तेव्हा आधी अळ्या गेल्या. आम्ही खूश. मग मधमाश्या गेल्या. पुढे भोपळ्याला फुलं यायची आणि फळ न धरता गळायची. आई वेलीशी बसून हातानं एका फुलाचे पराग दुसऱ्या फुलाला लावायची. अळीला जे पान चालतं त्यावर विष नाही, एवढं तर नक्की. शिवाय ही जुडी सकाळी सातला मातीत होती, अकराला तुमच्या दारात आहे, मध्ये ट्रक नाही की बर्फ नाही. हे सगळं मला ठाऊक होतं आणि इतकी वर्षं मी पॉलिशचे टोमॅटो खात होते, हे मात्र कोणाला सांगितलं नाही.

खोडलेली चार नावं परत आली. नवीन आठ मिळाली. मोजून एकोणीस झाली. शेवटचा दिवस उजाडला आणि राहिलं एकच दार, कपडे शिवणाऱ्या ताईंचं. त्यांनीच सगळ्यात आधी नाव खोडलं होतं. मशीन न थांबवता त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

"पटलं," त्या म्हणाल्या. "पण आजी, वहीत मी तुमचं नाव शोधलं. कुठे दिसलं नाही. तुमच्या फ्रीजमध्ये कुठली भाजी आहे?"

मी पालकाची जुडी पदराखाली सरकवली.

"आधी तुमचं लिहा," त्या म्हणाल्या. "वीस होतात की नाही बघा. मग मी एकविसावी."

फाटकाशी जाऊन वही उघडली. पेन हातात घेतलं. आळीत सगळे मला आजीच म्हणतात, साठीचे कंडक्टरसुद्धा. तेच लिहायचं ठरवलं. या वेळी कान्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं. दोनदा गिरवला, काठीसारखा उभा केला. कंडक्टरांनी नव्या चष्म्यातून पाहिलं, मिशीत हसले आणि वही घेऊन ऑफिसात गेले.

दुपारी दारात घंटी वाजली, दोनदा. कंडक्टर टोपली घेऊन उभे.

"शिक्का मिळाला," ते म्हणाले. "जागा राहिली."

मी टोपलीकडे बोट केलं. "हे काय? भाजी तर मंगळवारी असते ना?"

"तुम्हीच लिहिलंत," म्हणून त्यांनी वही पुढे केली. विसाव्या नावाच्या जागी, कान्याच्या नादात वेलांटी राहून गेली होती. मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं: ‘आज’.

"साहेब विचारत होते, हे कुठलं घर," कंडक्टर म्हणाले. "मी सांगितलं, त्यांना भाजी आजच हवी आहे. आता मला खोटं पाडू नका."

"छे," मी म्हटलं, "आजच हवी होती." टोपली आत घेतली. पालकात एक अळी होती. तिला मी बोटावर घेतलं आणि त्यांच्याबरोबर परत पाठवलं.