सोमवारची गोळी

अक्काला शुगरची गोळी रोज सकाळी मीच द्यायची. तळहातावर ठेवायची, पाण्याचा तांब्या पुढं करायची आणि घशाखाली उतरेपर्यंत समोरून हलायची न्हाई. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. नवरा गेल्यापासून ती माझ्याकडंच, भालकी तालुक्यातल्या या गावात. मी लग्न केलं न्हाई, अंगणवाडीत लागले. घरात आम्ही दोघीच. माझा गोळीचा कडक कारभार बघून बाया म्हणायच्या, बहीण असावी तर अशी. ऐकून बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

आणि अक्काचे सोमवार. मी चार वर्षांची असताना तापानं फणफणले होते. आई-अप्पांनी आशा सोडली होती. तेव्हा बारा वर्षांची अक्का महादेवाला बोलली, हिला वाचव, जन्मभर सोमवार धरीन. मी वाचले आणि तिनं धरले. दिवे लागेपर्यंत अन्नाचा कण न्हाई. मी कितीदा म्हणाले, "अक्का, वय झालं आता, बास कर की." तर म्हणायची, "तू जित्ती हायस न्हवं? मग गप बस." गोळीला मात्र तिची कधी ना नव्हती. औषधानं उपास मोडत न्हाई, हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल.

मग तिची शुगर वाढली आणि डॉक्टरांनी गोळी जोराची दिली. त्यानंतर काही महिन्यांत अक्काचं बिघडायला लागलं. चार वाजता मी घरी यावं, तर ही उंबऱ्यावर घामानं निथळत बसलेली. शेजारणीला शिव्या घालायची, जिनं आयुष्यात कुणाला अरे-तुरे केलं न्हाई ती! एकदा मला बघून म्हणाली, "आई, तू कवा आलीस?" संध्याकाळी दिवा लागला, दोन घास पोटात गेले की पुन्हा शहाण्यासारखी बोलायची.

शेजारीण म्हणाली, "अगं अंगात देवीचं वारं येतंय ते. दिवा लागला की कसं उतरतंय बघ." झालं, गावभर झालं. एक बाई तर नारळ घेऊन आली, लेकीला दिवस कधी जातील विचारायला. अक्कानं तिला कोथिंबीर कशी निवडायची ते सांगितलं. ती त्यावर पाया पडून गेली. मी कपाळाला हात लावला. वाऱ्यावर माझा विश्वास न्हाई. मी म्हणत होते, म्हातारपण आहे, अक्काची बुद्धी चालली, आता हळूहळू मलाही विसरणार. एवढी एकच भीती घेऊन मी रोज कामावरून घरी यायची. वाटेतच थकून जायची. हे सगळं सोमवारीच होतंय, ते माझ्या ध्यानात आलं न्हाई.

एका सोमवारी दुपारी ती चुलीपाशी पडली. जीपमध्ये घालून तालुक्याला नेली. नर्सनं बोट टोचलं, आकडा बघितला आणि पळतच सलाईन आणायला गेली. डॉक्टरांनी विचारलं, "आज काय खाल्लंय?"

"उपास हाय."

"आणि गोळी?"

"गोळी मी कधी चुकवू दिली न्हाई," मी ताठ मानेनं सांगितलं.

डॉक्टरांनी हातातला पेन खाली ठेवला. मग म्हणाले, बाई, गोळी रक्तातली साखर खाली ओढते आणि पोटात काही नसलं तर मेंदूची साखरच तुटते. मेंदूला साठा करता येत न्हाई, त्याला सारखी लागते. असं पुन्हा पुन्हा झालं की मेंदूचं थोडं थोडं नुकसान होतं, ते सगळं भरून येईलच असं न्हाई.

दहा-पंधरा मिनिटांत अक्कानं डोळे उघडले. पहिला प्रश्न, "माझा उपास कुणी मोडला गं?" मला हसू आलं आणि पाठोपाठ रडू फुटलं. गावातल्या पोरांची वजनं करणारी मी, बायांना आहार समजावणारी मी. लोका सांगे ब्रह्मज्ञान! बहिणीच्या हातावर दर सोमवारी मीच ते दुखणं ठेवत होते, वर तांब्याही पुढं करत होते.

गोळी बदलली, घाम थांबला, नारळवाल्या बाया बंद झाल्या. पण अक्का पुरती परत आली न्हाई. कुणाची सोयरीक कुठं झाली, कुणाची मामी कुठली, सगळं गाव तिला विचारायचं. आता ती भाजीत मीठ घातलं का ते मला विचारते. मी दिवसातून दहादा सांगते, चिडते, चिडल्याचं वाईट वाटतं, पुन्हा सांगते. कंटाळा येतो हो. माझीच करणी आहे म्हणून कंटाळायचीही चोरी.

सोमवार ती विसरली न्हाई, कामून धरला ते विसरली. दर सोमवारी सकाळी मी ताट वाढते आणि ती ते सरकवते.

"आज उपास हाय माझा."

"कुणासाठी, अक्का?"

ती आठवत राहते. मग माझ्याकडंच बघते. "कुणासाठी धरला होता गं?"

"माझ्यासाठी. मी तापानं आजारी होते."

"मग आता बरी हायस का तू?"

"व्हय. बरी हाय."

"मग आण इकडं," म्हणते, आणि भाकरी मोडते.