अबईच्या बियांचं पाणी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून कदाचित सांगवेल — बघू.

लढाईच्या दिवसांत मी नगरच्या एका दवाखान्यात रक्त तपासायचं काम करत होतो. आमच्या डॉक्टरीणबाईंना एक नाद होता. कुंपणावर चढते ती अबई, लांबलचक शेंगांची — तिचं बी दळून मिठाच्या पाण्यात भिजवायचं, गाळायचं, आणि तो थेंब पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर रक्तात मिसळायचा. रक्त फाटायचं. नासलेल्या दुधासारखं, दाणेदार. मग वर साखरेचं पाणी — की दाणे एकमेकांना सोडून द्यायचे. बाई म्हणत, रक्तातल्या कणांच्या अंगावर साखरेसारखं काहीतरी असतं, बियांतलं प्रथिन त्याला धरून बसतं. मोकळी साखर मिळाली की कणांना सोडतं. किती साखरेला सोडतं, ते साखरपाणी निम्मं-निम्मं पातळ करत शोधायचं. रेशनची साखर बाई स्वतःच्या चहातून वाचवून आणत.

मला ते बघवत नसे. सुकलेलं, मेलेलं बी — आणि ते फरशीवर चाचपडतंय, धरतंय. कुणाला? कशासाठी? पण नजरही हटत नसे.

मी लांबण लावतोय. कळतंय मला.

कोल्हारची गया बाळंत झाल्यावर तिला बैलगाडीतून आणलं. रक्त थांबत नव्हतं. तिचा भाऊ किसन दंड उघडा करूनच उभा. "लागंल तेवढं काढा मास्तर, रेड्यागत रगत हाय माजं," म्हणाला. त्या गडबडीतही नर्स हसली.

आधी दोघांचं जुळतं का ते बघायचं असतं. गयाचं रक्त गोठल्यावर वर सुटलेलं पाणी घ्यायचं, त्यात किसनच्या रक्ताचा थेंब. फाटला तर जुळत नाही. ज्या नळीने सकाळी मी अबईचं पाणी घेतलं होतं, ती उकळायला हवी होती. स्टोव्ह पेटवायचा मला कंटाळा आला. नुसती विसळली.

थेंब फाटला. बाईंनी बघितलं, नकारार्थी मान हलवली आणि गयाकडे धावल्या. रक्त द्यायला दुसरं कुणी नव्हतं.

"सख्खी बहीन हाय माजी. माजं रगत तिला कसं न्हाई चालत?"

"जुळत नाही," मी म्हणालो. सख्ख्या भावंडांचंही कधीकधी जुळत नाही, एवढं सांगायला किती वेळ लागला असता?

तो बाहेर गेला. भर दुपार. फरशी तशीच पडलेली. का कोण जाणे — नाही, का ते मला ठाऊक होतं — मी त्या थेंबावर साखरेचं पाणी सोडलं. न जुळणारं रक्त साखरेने सुटत नाही, अबईने फाटलेलंच सुटतं. हे सुटलं. एकेक दाणा, सावकाश, कुणी कुणाचा हात सोडावा तसा.

पलीकडच्या खोलीत गया कण्हत होती. म्हणजे जिवंत होती. बाईंना एक हाक मारायची होती, बस.

मी फरशी धुतली. कण्हणं थांबलं तरी धूतच होतो.

पुढे कोल्हारच्या बाजारात किसन भेटला. गावाने अर्थ लावला होता — रक्त जुळलं नाही, म्हणजे दोघं एका बापाची नव्हेत. "आईला इचारलं. नुसती रडली. तवापासनं तिच्या हातचं खात न्हाई मी," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघत राहिला. "चूक व्हत न्हाई का वो मास्तर, कधी? तुमच्या तपासनीत?"

आशेने विचारत होता. ते मला दिसलं होतं.

"नाही होत," मी म्हणालो.

त्याची आई गेल्या वर्षी गेली. किसनने खांदा दिला नाही, असं ऐकलं. आणि मी हे आत्ता सांगतोय — तिला ऐकू जाणार नाही तेव्हा.