बाईंनी ताणलेला चिमटा

"बसंल की! न बसून सांगतंय कुणाला?" असं म्हणत आमच्या पीटीच्या बाई पदर कमरेला खोचायच्या आणि थेट फरशीवर फतकल मारायच्या. कुलूप असो, बाकाचा पाय असो, बाई हटायच्या नाहीत. अशा बाई तुम्हीही कुठंतरी पाहिल्या असतीलच.

त्या केडगावहून रेल्वेच्या शटलनं दौंडला यायच्या. अंगानं दणकट. वडिलांच्या सायकल दुकानात वाढलेल्या, पण स्वतःला सायकल येत नव्हती. आम्ही हसलो की म्हणायच्या, "हलवाई सोता पेढं खातो व्हय?"

जिल्ह्याच्या सायकल शर्यतीसाठी त्यांनी मला निवडलं. घरी मात्र फर्मान निघालं, पोरीनं अर्ध्या चड्डीत रस्त्यानं सायकल पळवायची नाही.

"रस्त्यानं नको ना? मग खोलीत पळव," बाई म्हणाल्या.

वडील सकाळी ज्या काळ्या सायकलवरून दूध घालत, तीच मी नंतर शाळेत न्यायचे. खेळाच्या सामानाच्या खोलीत ती घोडीवर चढवायची, मागचं चाक अधांतरी ठेवायचं आणि पायडल मारायचं, असा बेत ठरला. पायांना सवय व्हावी म्हणून बाईंनी दुकानातल्या मोडक्या रेसिंग सायकलचं गिअरचं मागचं चाक आणलं. पण त्याचा एक्सल, म्हणजे मधला दांडा, लांब, आणि चाकाला दोन्ही बाजूंनी धरणारा आमच्या सायकलचा चिमटा अरुंद. बाई एका बाजूला टाच लावून दुसरी बाजू हातांनी ओढायच्या आणि लगेच थांबायच्या.

"जुनं लोखंड हाय. वाईच वाईच ताणायचं. आज इतकंच, बाकीचं उद्या."

मला कुठला धीर! बाई शटल गाठायला गेल्या तशी मी तिथंच फतकल मारली, टाच लावली आणि जीव खाऊन ओढलं. कट्ट असं काहीतरी वाजलं. चाक बसलं! अर्धा तास अशी पळवली, की शर्यत खिशात आली असंच वाटलं. मग जुनं चाक परत लावून गुपचूप घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेल्वे फाटकाशी चिमटा मोडला. वडील पडले, कोपर सोलपटलं, कॅनमधलं सगळं दूध रस्त्यावर.

"सायकलीला कुणी हात लावला?"

"बाईंनी ताणला चिमटा. मी नको म्हणत होते."

दुसरं वाक्य तर कुणी विचारलंही नव्हतं.

वडील मला घेऊन तडक शाळेत गेले आणि सगळ्या शिक्षकांसमोर बाईंना नाही नाही ते बोलले. बाईंनी एकदाच माझ्याकडं पाहिलं. आपण किती ताणलं होतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"माझीच घाई झाली, दादा," त्या म्हणाल्या. "पोरीला काय बोलू नगा."

खोलीला कुलूप लागलं, शर्यत बुडाली. त्यानंतरही बाई माझ्याशी पहिल्यासारख्याच हसायच्या. मीच मेली मान खाली घालून वाट बदलायचे. वर्षभरात त्या शाळा सोडून गेल्या.

पुढं मी रांजणगावला कंपनीत लागले, शिरूरला घर केलं. कंपनीच्या बसमध्ये माफीची वाक्यं कितीदा पाठ केली असतील! शेवटी एका सुट्टीला केडगाव गाठलं. दुकान होतं, बाई नव्हत्या. जाऊन तीन वर्षं झाली होती. भिंतीवर ते चाक टांगलेलं होतं.

"दौंडची? दूधवाल्यांची?" सायकल शर्यतीचं नाव काढताच त्यांच्या भावानं ओळखलं. "आक्का लई सांगायची तुमचं. माझ्या घाईपायी पोरीची शर्यत गेली, म्हनून शेवटपतुर हळहळली बघा."

सांगायलाच तर गेले होते. तोंडही उघडलं.

"हो," मी म्हणाले, "बाईंना घाई फार."

त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. तो मी प्यायले.