कानिफभाऊंची चाव्यांची फळी

कानिफभाऊंना मी पंधरा वर्षं ओळखते, पण त्यांच्या बारमध्ये कधी पाऊल टाकलेलं नाही. त्यामुळेच त्या दाराच्या आत काय चालतं, याचं मला कायम कुतूहल. त्यातून आमचा ओंकार तेवीस वर्षांचा. आईला कुतूहल आणि काळजी वेगळी काढता येत नाही.

आमचं गाव मिरजगावच्या अलीकडे, हायवेला लागून. कानिफभाऊंचं आधी तिथे पंक्चरचं दुकान होतं. रात्री कुणी पिऊन धडकलं की मोडकी मोटरसायकल उचलायला त्यांनाच बोलावत. पुढे त्याच जागेवर त्यांनी बिअर बार काढला आणि दाराशी एक लांब फळी ठोकली. फळीवर चाळीस खिळे. आत येणाऱ्याने गाडीची चावी आधी खिळ्याला अडकवायची. निघताना जुन्या ट्यूबच्या व्हॉल्व्हवर टोपण फिरवून बसवून दाखवायचं. हात थरथरला की माणूस पायी घरी, चावी दुसऱ्या दिवशी.

हे मला त्यांनीच सांगितलं, गेल्या महिन्यात आमच्या ओट्यावर बसून. त्यांना बिअर बारची परमिट रूम करायची होती, म्हणजे व्हिस्की, रम, सगळंच. त्याला ग्रामसभेचा ठराव हवा, आणि गावातल्या बायका आडव्या आल्या तर ठराव होणं कठीण. बचत गटाचे अर्ज मी लिहिते, म्हणून गावाला विनंतीचा कागद लिहून घ्यायला ते आले होते.

"वैनी, लोकं माझ्याकडं बिअर पित्यात आन कडक प्यायला पुढच्या ढाब्यावर जात्यात. तिथं चोरून मिळती. तिथं चावी कोन धरतंय? आन गिऱ्हाईक असंच जात राह्यलं तर दिवाळीला माझं शटर खाली."

"मी लिहून देणार नाही, भाऊ. पण सभेला येईन."

"या की. ऐकून तरी घ्या."

ओंकार त्यांच्याकडे येतो का, हा प्रश्न अगदी ओठावर आला होता. मी गिळला. ओंकार हल्ली संध्याकाळी गाडी घरी ठेवून तासभर चालायला जातो. मी त्याच्या वडिलांकडे दोनदा त्याचं कौतुकही केलंय.

सभा समाजमंदिरात भरली. कानिफभाऊ आले ते खांद्यावर फळी घेऊन, भिंतीवरून उपसलेली, आदल्या रात्रीच्या चाव्यांसकट. चाव्या वाजत होत्या. त्यांनी ती सगळ्यांना दिसेल अशी टेकवून ठेवली.

"गावानं बघावं, मी धंदा कसा करतो ते."

गावाने बघितलं. विशेषतः बायकांनी. गोजरबाई उठून थेट फळीपाशी गेल्या.

"आग बया, ही तर आमच्या रंभाजीची! पंक्चर झाली म्हनून गाडी मिरजगावला ठिवली म्हनला मला!"

"कानिफनं पंक्चरचं काम सोडलं न्हाई म्हना की," मागून कुणीतरी म्हणालं. सगळी सभा हसली. आसाराम मात्र चपला शोधत हळूच बाहेर निघाले, तर त्यांची बायको ओरडली, "थांबा, चावी घिऊन जावा!"

मी हसत नव्हते. ओंकारच्या चावीला हिरवा गोफ आहे. मी एकेक खिळा बघत होते. हिरवा गोफ नव्हता. पुन्हा पाहिलं. नव्हता.

रंगुबाईंनी बोटाने चाव्या मोजल्या. "अकरा. नुसत्या बिअरवर अकरा."

"मावशी, अकरा जन जित्ते घरी गेले, आसं मोजा की."

"तसं बी मोजलं, बाबा. चांगलंच केलंस तू. पन सगळी दारू ठिवल्यावर तुझं खिळं पुरतील का?"

कानिफभाऊंनी फळीकडे पाहिलं. खोटं बोलता आलं असतं.

"न्हाई पुरायचे," ते म्हणाले.

विरोधात हात वर करा म्हटल्यावर बायकांचे हात भराभर वर गेले. माझाही गेला, अगदी हलका होऊन. ठराव बारगळला.

सभा उठल्यावर बायका चाव्या घेऊन गेल्या. रिकामी फळी खांद्यावर घेऊन कानिफभाऊ एकटेच निघाले होते. मी त्यांना गाठलं.

"निदान चाव्या तरी काढून आणायच्या, भाऊ."

"नुसत्या खिळ्यांवर कोन इस्वास ठिवतंय? तुमी कागद दिला न्हाई. मंग म्हनलं, हीच दाखवू."

मग इतके दिवस गिळलेलं विचारून टाकलं.

"आमच्या ओंकारची चावी असते का हो कधी?"

ते थांबले. "ओंकारची? कदीच न्हाई."

मी श्वास सोडला.

"तो पायी येतो," ते म्हणाले. "तासभर बसतो. एक बाटली, मंग घरी."

रस्त्यावरून एक ट्रक गेला. तो ढाब्याच्या दिशेने लांब जाताना मी पाहिला.

"आणि पुढच्या ढाब्यावर?"

"आजून तरी न्हाई."

"दिवाळीनंतर तुम्ही असाल ना, भाऊ?"

"बगू. तुमी तर हात वर केला, वैनी." रागाने नव्हे, हिशोब सांगावा तसं म्हणाले.

फळी लांब होती, मागून हेलकावत होती. मी दुसरं टोक धरलं. बारच्या दाराशी पोचल्यावर त्यांनी ती भिंतीला लावली, मी दाबून धरली, त्यांनी खिळे ठोकले. मग पंधरा वर्षांत पहिल्यांदा मी दारातून आत डोकावले. चार टेबलं, एक पंखा, गल्ल्यावर जुनी ट्यूब.

"तो कुठल्या टेबलाशी बसतो?" मी विचारलं.