भिडू नसलेला खेळ

पोकर शिकायला जगात सर्वांत नालायक माणूस कोण, असं कुणी विचारलं तर मी डोंबिवलीचा पत्ता देईन. तिथं आमचे थोरले साडू राहतात. दोन महिने दर रविवारी दुपारी लोकलनं तिथं जाऊन मी त्यांना शिकवत होतो आणि शेवटी शेवटी मलाच राजा कुठला नि गुलाम कुठला हे कळेनासं झालं होतं.

त्यांची हयात मेंढीकोट खेळण्यात गेली, आणि समोर भिडू म्हणून कायम त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची ताई. गेल्या वर्षी ताई गेल्या. लेक-जावई तेव्हापासून त्यांना ठाण्याला राहायला बोलावतायत. जावयाकडे सुट्टीला मित्र जमतात आणि पोकरचा डाव पडतो. "आतल्या खोलीत टीव्ही बघत बसणारा म्हातारा व्हायचं नाही मला," असं म्हणून साडूंनी मला धरलं. डाव जमला तर जायचं, नाहीतर इथंच एकटं राहायचं, असं त्यांनी मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

चिंचोके लावून आम्ही खेळायला बसलो. पहिलाच प्रश्न, माझा भिडू कोण? कुणी नाही, ज्याचा तो, म्हटल्यावर त्यांचा चेहराच पडला. हातातली दोन पानं झाकायची, मधली पाच सगळ्यांची, हे त्यांनी वहीत सुवाच्य लिहून घेतलं. झाकायचं तेवढं विसरायचे. ब्लफ शिकवला, तर चिंचोके पुढे सरकवताना "हं, आता मी फसवतोय" असं आधी सांगायचे. मी हरायला लागलो की चांगली पानं टाकून द्यायचे, का तर मी एवढ्या लांबून येतो. अडाण्याला शिकवता येतं हो, भल्या माणसापुढे हात टेकावे लागतात.

गेल्या रविवारी ते जावयाकडे पहिल्यांदा खेळले. संध्याकाळी फोन आला. दोन राजे हातात, तिसरा मध्ये पडलेला, आणि जावयानं होतं नव्हतं ते सगळं पुढे लावलेलं. मी खुर्चीत सावरून बसलो. मग काय केलंत, विचारलं.

"लेक आतून म्हणाली, बाबा, टाका ती पानं, आमटी गार होतेय. टाकली."

मी कपाळावर हात मारला. "अहो भाऊ, तीन राजे कुणी टाकतं का?"

"कळत होतं मला," ते म्हणाले. "पण वर्ष झालं, जेवायला चला म्हणून कुणी हाक मारली नव्हती."

येत्या आठ-दहा दिवसांत ठाण्याला सामान हलवतो, असंही म्हणाले. बरं केलंत, मी म्हटलं. आज रविवार; ते बांधाबांध करतायत, मला शिकवायला जायचं नाही. सुटलो म्हणायला हवं. पण सकाळपासून करमत नाहीये.