साखर उतरवायचा उपवास

माझ्या सासूबाई, रुक्मिणीबाई, निघोज्याच्या. जमीन कंपन्यांना गेली, गोठा गेला, पण बाईंचा हेका काही गेला नाही. मी त्यांना आत्या म्हणते. साखरेचा आजार दहा वर्षांचा, तरी गोळी घेताना तोंड असं वाकडं करायच्या, की जणू मीच विष देतेय.

आमचे हे, प्रज्वल, चाकणला नोकरीला होते तोवर आत्यांच्या दवाखान्याची चिंता नव्हती. कंपनीचा विमा होता, आईसकट. दिवाळीनंतर यांनी नोकरी सोडली आणि गावातच शेड घेऊन स्वतःचं लेथ मशीन टाकलं. काम भरपूर मिळालं, विमा मात्र सुटला. तेव्हापासून यांच्या जिवाला चैन नाही. जेवता जेवता मोबाइलवर पॉलिसी बघायचे, एजंटांना फोन लावायचे, घरभर येरझाऱ्या घालायचे. मला अगदी वीट आला होता! आणि दर वेळी गाडी अडायची ती आत्यांच्या साखरेवर.

एकदा जेवताना हे वैतागून म्हणाले, "आईला विमा मिळत नसेल तर मशीन विकतो आणि परत कंपनी धरतो." आत्या समोरच बसल्या होत्या. काही बोलल्या नाहीत. मला तेव्हाच शंका यायला हवी होती, कारण गप्प बसणं त्यांच्या रक्तात नाही.

यांचा मित्र गणराज विम्याचा एजंट. तो म्हणाला, "भावा, शुगर लिहूच नको. घरी येऊन काकूंचं रक्त नेतील, तेवढं नॉर्मल आलं की झालं." मी म्हटलं, "आणि उद्या दवाखान्यात खोटं उघडं पडलं तर?" दोघंही माझ्यावरच खेकसले. आत्या तिथंच वाती वळत बसल्या होत्या.

त्याच आठवड्यात आत्यांनी सोमवार धरला. मंगळवारी अंगारकी. बुधवारी कसलासा देवीचा नवस. खिचडी दिली तर म्हणाल्या, "न्हाई गं, कडक उपास हाय." आमच्या घरात आत्यांचे उपवास कोण मोजतो? मीही नाद सोडला.

गुरुवारी सकाळी मोनिका नावाची मुलगी रक्त घ्यायला आली. तिनं दंडाला पट्टा बांधला आणि आत्या घामानं निथळल्या. हात थरथरायला लागले, खुर्चीतून एका बाजूला कलल्या. "ताई, साखर आणा, पटकन!" मोनिका ओरडली. मी साखरेचं पाणी चमच्या-चमच्यानं पाजलं आणि यांना फोन केला.

जरा तरतरी आल्यावर मोनिकानं विचारलं, "आजी, जेवलात कधी?"

"ऐतवारी. गोळ्या तेवढ्या डबल घेतल्या. साखर उतराय नको?"

"अहो, आम्ही तीन महिन्यांची साखरपण बघतो. ती अशी उपाशी राहून उतरत नाही."

आत्यांचा चेहरा पडला. "मंग समदं वाया गेलं का गं?"

माझा संतापच झाला. "आत्या, मेल्या असता तुम्ही!"

"मरू दे की. माझ्यापायी त्याचं मशीन जायला नको."

हे दारातच उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं. डोळे पुसले आणि तिथूनच गणराजला फोन लावला. "साखर लिही. दहा वर्षांची लिही. गोळ्यांची नावंपण लिही." तो हप्त्याचं काहीतरी सांगत होता. "वाढू दे हप्ता!" हे ओरडले.

पॉलिसी आली. महाग पडली, पण आत्यांचं नाव होतं. फक्त साखरेमुळे झालेल्या दुखण्याचा खर्च तीन वर्षांनंतरच मिळणार होता. यांनी आत्यांना समजावून सांगितलं.

आत्यांनी जरा विचार केला. "म्हंजी मशीन ऱ्हातंय?"

"राहतंय, आई."

"आन तीन वरीस मला मरायचं न्हाई?"

"नाही."

"मंग बघत काय बसलीस, जयमाला? भाकरी वाढ. आन ती गोळीबी आण."