कोरी बटणं

नाव काही मी त्याला कधी विचारलं नाही. पारनेरला तहसील कचेरीबाहेर तो लोकांचे अर्ज टाइप करायला बसायचा. त्याच्या कीबोर्डावर एकही अक्षर दिसत नव्हतं बघा. इंग्रजी घासून गेलेलं आणि मराठीचे स्टिकर त्यानंच ब्लेडनं खरवडलेले. बोटं मात्र न बघता पळायची. मी विचारलं तर हसून म्हणाला, "कोऱ्या बटणांवर दुसरं कुनी बसत न्हाई, मावशी. खुर्ची आपलीच ऱ्हाती."

परवा गेले तर खुर्चीत त्याची बायको. हा शेजारी उभा, अंगावरून वारं जाऊन डावा हात लुळा पडलेला. ती अक्षर विचारायची, हा डोळे मिटून उजव्या हाताचं बोट हलवून बघायचा, आणि ती त्या बटणावर कागदाचा तुकडा चिकटवायची. 'र' सापडला, 'स' सापडला. माझा अर्ज मात्र 'मा. तहसीलदार' असा सुरू होणार, आणि 'म' काही सापडेना.

"मला कुठं म्हाईत हुतं," लुळ्या हाताकडं बघत तो म्हणाला, "ह्याला म्हाईत हुतं."

"अरे, मग त्या पलीकडच्या टायपिस्टला विचार की."

"कंच्या तोंडानं? त्यो बघून शिकाया लागला, म्हनून तर मी ब्लेड फिरवलं."

शेवटी अर्ज घेऊन मीच पलीकडं गेले, घाई होती ना मला. त्या टायपिस्टनं 'मा.' उठवलं, तशी ह्याची बायको मान लांब करून त्याच्या बोटांकडं बघायला लागली. त्यानं कीबोर्ड आपल्या अंगाकडं ओढून घेतला.